वरच्या मजल्याची स्लॅब थंड ठेवण्यासाठी काय करावे?

निपाणीकर
निपाणीत आमचे दुमजली घर असून वरच्या मजल्यावर पाच इंची स्लॅब आहे. मार्च लागला की दुपारी तीनला जितके उकडत नाही तितके रात्री नऊला उकडते, याचे कारण कळत नाही. मागे तंबाखू ठेवण्याची पत्र्याची शेड आहे. तिचे पत्रे चकचकीत असूनही हात लावता येत नाही. चुना, पांढरा रंग, चायना मोझॅक (चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर) किंवा वरून पत्र्याचे छप्पर, यांपैकी काय करावे?

स्थापत्य, टिळकवाडी
दिवसभर शोषलेले ऊन स्लॅबच्या जाडीतून खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून दुपारची उष्णता आपल्याला रात्री भोगावी लागते. त्यामुळे उष्णता आत शिरल्यावर पंखे लावण्यापेक्षा ती वरच्या पृष्ठभागावरच परतवणे स्वस्त पडते. साधे सिमेंट उन्हाचा मोठा भाग शोषते, तर स्वच्छ पांढरा लेप त्यातील बहुतांश परत पाठवतो.

पत्र्याचे कोडे निराळे आहे. छताने ऊन परतवणे जितके महत्त्वाचे, तितकेच स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडणेही. झिंकचा कोरा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो. परंतु उष्णता सोडण्यात तो फार कंजूष असल्याने तापलेलाच राहतो. त्यावर पांढरा रंग दिल्यास दोन्ही कामे साधतात.

खानापूरचा कौलारू
आमच्या भागात पावसामुळे मंगळुरी कौले टिकून आहेत. कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जाते आणि खाली माळा असल्यास आणखी फरक पडतो. स्लॅबवर पत्र्याचे छप्पर घालणार असाल, तर मधली जागा दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवावी. आमच्या एका नातेवाइकांनी तिथे भिंती घालून खोली केली आणि आता ती खोली भट्टी झाली आहे.

अथणीचा
टिळकवाडीच्या साहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु पांढरेपणा किती दिवस टिकतो, हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे धूळ इतकी की वर्षभरात छत मातकट होते, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात शेवाळ धरून काळे पडेल. चुनकळी रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक घालून दोन हात देण्यास फार खर्च येत नाही. मात्र पाऊस बराचसा चुना धुऊन नेतो, म्हणून हे काम दरवर्षी फेब्रुवारीत करावे. चायना मोझॅक टिकते व धुता येते, पण त्याचे वजन स्लॅबला पेलेल का, हे आधी तपासून घ्यावे.

निपाणीकर
जाहिरातींत ‘हवेपेक्षाही थंड छत’ असे म्हणतात, ते खरे असते का?

स्थापत्य, टिळकवाडी
तत्त्व खरे आहे. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अनेक थरांचा असा पृष्ठभाग केला, जो भर उन्हात आसपासच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंश थंड राहिला, कारण तो सुमारे ९७ टक्के ऊन परतवत होता आणि स्वतःची उष्णता ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीत सोडत होता; या पट्ट्यात वातावरण जवळजवळ पारदर्शक असते, म्हणून ती उष्णता हवेत न अडकता थेट वर निघून जाते. परंतु त्याला कोरडे, निरभ्र आकाश लागते. वळिवाचे ढग आले किंवा हवा दमट झाली की परिणाम घटतो, आणि बाजारातला प्रत्येक पांढरा डबा त्या तोडीचा नसतो. तुमच्या गच्चीवर पाणी साचत असेल, तर आधी उतार दुरुस्त करून घ्या. साचल्या जागी कोणताही रंग लवकर सुटतो.