मदत हवी आहे: सिग्नल सगळ्यांचा बंद, मग ड्युओडेनम काहींचंच का बंद?

नमस्कार मंडळी, ड्युओडेनल अ‍ॅट्रेशियावर (ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा जठरालगतचा पहिला भाग, तो जन्मतःच बंद असणं) सेमिनार तयार करतेय आणि एका मुद्द्यावर पार अडकलेय.

नवजात बाळाच्या एक्स-रेत हवेचे दोनच बुडबुडे दिसतात: एक जठराचा, दुसरा फुगलेल्या ड्युओडेनमचा. पुढे हवाच नाही. ते चित्र पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. टांडलर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९०० मध्ये मांडलं की गर्भात आतड्याची पोकळी पेशींनी भरते आणि पुन्हा मोकळी झाली नाही तर अडथळा राहतो. १९५५ मध्ये लाउ आणि बर्नार्ड या शल्यचिकित्सकांनी कुत्र्याच्या गर्भात आतड्याचा रक्तपुरवठा तोडून ड्युओडेनमच्या खालच्या आतड्यात अडथळा घडवून दाखवला. इथपर्यंत समजलं.

पण उंदरात मेसेन्काइममधून (आतड्याच्या अस्तराभोवतीच्या गर्भीय ऊतीतून) येणारा एफजीएफ१० हा वाढीचा सिग्नल देणारा प्रथिन-रेणू किंवा एपिथेलियमवरचा (आतल्या अस्तरावरचा) तो सिग्नल पकडणारा रिसेप्टर एफजीएफआर२बी यांचं जनुक काढून टाकलं, की मोठं आतडं जवळपास सगळ्याच गर्भांत बंद, ड्युओडेनम मात्र साधारण एक तृतीयांश गर्भांतच! जनुकातला बिघाड तोच, आई तीच, तरी शेजारच्या भावंडाचं ड्युओडेनम धडधाकट. हे कसं? दुसरा एखादा एफजीएफ उणीव भरून काढतो, की रेटिनॉइक अ‍ॅसिडची (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या, गर्भाच्या वाढीला दिशा देणाऱ्या रेणूची) पातळी इथे निर्णायक ठरते?

गर्भविज्ञानात किंवा बालशल्यचिकित्सेत काम करणाऱ्यांनी कृपया समजावून सांगा. कुणी स्वतः गर्भाचे सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप) कापले असतील तर आणखी एक: आधी एपिथेलियमच्या पेशी मरताना दिसतात, की मेसेन्काइम आधी विरळ होतं? माझं सगळं मांडणं या क्रमावरच अवलंबून आहे.