गंजून जाम झालेले नट-बोल्ट आणि जुनी गाडी: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की खरा वेळ इंजिनात जात नाही, तो गंजून जाम झालेल्या नट-बोल्टांत जातो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप आणि मारुती ८०० जिवापाड सांभाळणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि महाबळेश्वर-कोयनेकडचा पाऊस काय किंवा कृष्णेचा पूर काय, गंजाशी प्रत्येकाची गाठ पडलेलीच आहे. म्हणून हा धागा. बोल्ट कोणता होता, तो कशात बसलेला होता आणि नेमके काय केल्यावर सुटला, एवढे तिन्ही आवर्जून लिहावे, कारण "तेल टाका आणि जोर लावा" एवढ्यावर बहुतेक बोल्ट सुटत नाहीत, तुटतात.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझी पद्मिनी साताऱ्यात आहे. तिच्या मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाला) सायलेन्सरचा पाइप धरून ठेवणाऱ्या स्टडवरचे (डोके नसलेल्या, आटे पाडलेल्या दांडीवरचे) नट इतके गंजले होते की त्यांचे पापुद्रे नखाने निघत होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली जी बारीक फट असते ती भरून जाऊन नट आवळला जातो. प्रथम नटाच्या बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केले, कारण सुटणाऱ्या नटाला त्याच आट्यांवरून बाहेर यायचे असते. संध्याकाळी गंज सोडवणारे पातळ तेल टाकले, रात्री पुन्हा टाकले आणि सकाळी नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूने हलके ठोके दिले. मग पाना लावून नट आधी किंचित आवळला. बारीकसा 'कट्' असा आवाज आला, आणि तेवढ्या हालचालीने आत तेलाला वाट मिळाली. पाव फेरा सोडायचा, तितकाच परत आवळायचा, तेल टाकायचे, असे करत गेल्यावर आट्यांतून तांबूस-काळा चिखल बाहेर येऊ लागला. तो दिसला की नट सुटणार हे समजावे.

कराड, गॅरेजचालक

तेलाच्या आधी पान्याचे बोलले पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या नटांचे कोपरे आधीच गोल झालेले असतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा चुकीच्या मापाचा पाना हेच असते. पद्मिनी मूळची फियाट असल्याने तिचे नट मिलिमीटरच्या मापाचे आहेत, पण जुन्या जीप आणि ॲम्बेसेडर यांना इंची माप लागते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, परंतु जाम नटावर जोर आला की तो कोपरे खातो. नेहमीचा रिंग पाना बारा कोनांचा असतो. गंजलेल्या नटाला सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) लावावी, म्हणजे जोर कोपऱ्यांवर न येता सपाट बाजूंवर येतो.

दुसरी गोष्ट जीपवाल्यांसाठी. जुन्या विलीज धाटणीच्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे पुष्कळदा उलटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने पाइप लावून ओढणारा माणूस नट सोडत नसतो, आवळत असतो. आधी स्टडच्या टोकावर 'एल' अक्षर आहे का ते पुसून पाहावे.

सांगली, पुरात बुडालेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमची मारुती ८०० पाण्याखाली गेली होती. पुराचा गंज आणि पावसाचा गंज यांत मोठा फरक आहे, आणि तो इथे नोंदवावा असे मला मनापासून वाटते. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ आट्यांमध्ये शिरून सुकतो व घट्ट बसतो. त्यावर थेट तेल टाकले तर वरचा थर तेवढा भिजतो आणि तेल आत पोचत नाही. त्यामुळे आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाळ धुवावा, हवा मारून जागा कोरडी करावी आणि मगच तेल सोडावे.

सर्वांत जास्त त्रास ब्रेकच्या ब्लीडर निपलने, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायच्या बारीक स्क्रूने, दिला. ते आतून पोकळ असल्याने थोड्या जोरानेही पिळून तुटते. आमच्या मेस्त्रींनी निपलच्या भोकात अगदी मापात बसणारी ड्रिलची मागची गुळगुळीत दांडी घातली, वरून हलके ठोके दिले आणि ती दांडी आत असतानाच पाना फिरवला. पोकळी भरलेली असल्याने निपल दबले नाही आणि अखंड बाहेर आले.

मिरज, लेथ कारखाना

माझ्याकडे लोक येतात ते बोल्ट तुटल्यावर. तुटलेला स्टड थोडा तरी बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरणे हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्यात धरायला नवा नट मिळतो हे खरे, पण मुख्य काम वेल्डिंगची उष्णता करते. स्टड तापून फुगू पाहतो, भोवतीच्या गंजाचा थर चिरडला जातो आणि थंड होताना स्टड आकसतो. लाली पूर्ण गेल्याशिवाय पाना लावू नये. तापलेला स्टड मऊ असतो आणि पुन्हा तुटतो. स्टड सपाटीला तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून भोक पाडावे लागते. इझी-आउट (त्या भोकात उलटा फिरवून तुकडा काढायचे हत्यार) मात्र फार जपून वापरावा, कारण तो कडक पोलादाचा असतो आणि आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

ॲल्युमिनियमच्या हेडमधला (इंजिनाच्या वरच्या भागातला) पोलादी बोल्ट हे वेगळेच प्रकरण आहे. तिथे दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियमचाच पांढरा क्षार धरतो. १०० अंश तापमान वाढले तर एक मीटर पोलाद सुमारे १.२ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर, म्हणून अशा जोडात बोल्ट न तापवता भोवतीचे ॲल्युमिनियम तापवावे.

तुकडा कशानेच निघत नसेल आणि सुटा केलेला भाग संपूर्ण ॲल्युमिनियमचा असेल, तर तुरटी कामाला येते. काचेच्या भांड्यात तुरटीचे दाट गरम द्रावण करून त्यात तो भाग बुडवून ठेवला की पोलादाचा तुकडा हळूहळू विरघळतो. तुकड्यावर बारीक बुडबुडे दिसत राहतात आणि तो काळा पडून भुसभुशीत होतो. यास सबुरी लागते, परंतु महागडा भाग वाचतो. लोखंडी भागावर हे चुकूनही करू नये.

पाटण, जीपमालक

पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट वाचवत बसू नये. आमच्या भागातल्या पावसात ते इतके झिजतात की सुटले तरी परत लावण्याच्या लायकीचे उरत नाहीत. सरळ ग्राइंडरने नट कापावा आणि नवे घालावेत. गॅसने मात्र कापू नये, कारण पाट्याला आच लागली तर त्याचे पाणी (कडकपणा) उतरते.

वाई, स्वतः गाडीचे काम करणारे

मिरजेच्या काकांनी उष्णतेविषयी लिहिलेले पटते, पण घरच्या अंगणात काम करणाऱ्यांसाठी मला काही भर घालावीशी वाटते. ज्या बोल्टाजवळ पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकची नळी किंवा रबरी बुश आहे, तिथे ज्योत नकोच. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग केले तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तसेच लांब पाइप लावून ओढताना गाडी केवळ जॅकवर कधीही नसावी. ती भक्कम स्टँडवरच हवी.

परत जोडणीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आटे टॅप आणि डायने (आटे पाडायच्या हत्यारांनी) साफ करून तांब्याची पूड असलेले ग्रीस लावावे, आणि सायलेन्सरच्या स्टडवर शक्य तिथे पितळी नट घालावेत, कारण ते लोखंडावर गंजून चिकटत नाहीत. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरातच पुरेसा आवळला जातो, त्यामुळे कोरड्या बोल्टासाठी दिलेला टॉर्कचा (पिळण्याच्या जोराचा) आकडा तिथे पूर्ण लावू नये. नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा असेल तर तो पाहून त्याच प्रतीचा मागावा. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा ब्रेकच्या जागी डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये.