मॉलमध्ये एस्कलेटर असे लांब लांब का ठेवतात?

साताऱ्याची_मुक्ता: परवा आईला घेऊन मॉलमध्ये गेले, तिचे गुडघे दुखतात आणि वर गेलं की पुढच्या मजल्याचा एस्कलेटर थेट दुसऱ्या टोकाला, म्हणजे अख्खी चक्कर मारा, लिफ्ट कुठेतरी पार्किंगच्या बाजूला आणि टेकायला साधा बाक नाही. हे मुद्दाम करतात का?

नकाशावाला: हो, मुद्दामच. चाललात की दुकानं दिसतात. मोठी दुकानं दोन टोकांना ठेवतात म्हणजे मधल्या छोट्यांसमोरून गर्दी जाते, फूड कोर्ट नि मल्टिप्लेक्स वरती असतात तेही त्यासाठीच. वाईट याचं वाटतं की 1956 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात साउथडेल हा बंदिस्त, एसी मॉल उभारणाऱ्या आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएनला लोकांनी निवांत भेटावं-बसावं असा चौक हवा होता, पुढे त्यानेच मॉलवाल्यांवर सडकून टीका केली.

ठाणेकर_अजय: तुर्भ्याच्या आयकियात, त्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात, पण बाणांमागे चालत राहायचं, पण तिथे मधे शॉर्टकट असतात, नकाशा बघा, खूप चाल वाचते.

रेवा_के: बाक काढून तिथे कानातले नि मोबाईल कव्हरचे स्टॉल लावतात, कारण त्या जागेचं भाडं मिळतं. म्हाताऱ्या माणसांनी बसायचं कुठे, फार राग येतो मला. मुक्ता, पुढच्या वेळी आत शिरल्याशिरल्या हेल्प डेस्कवर व्हीलचेअर माग, बऱ्याच मॉलमध्ये फुकट देतात.