कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी: पुसट अक्षरं कशी वाचायची?

प्रश्न: १७६७ सालची दफनभूमी. पाट्या फोटोत वाचताच येत नाहीत. खडू घासला तर?

उत्तर १: खडू मुळीच नको, भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते. अ‍ॅसिडही नको, त्याने संगमरवर विरघळतो. टॉर्च बाजूने, पाटीला जवळपास समांतर धरा. खोदलेल्या अक्षरांत सावली पडते. उन्हात हेच काम आरसा करतो.

उत्तर २: १ आणि ७ ची गल्लत हमखास होते. दफनाच्या नोंदवहीशी ताडा, पण तिथे दफनाची तारीख असते, मृत्यूची नव्हे.

उत्तर ३: सुरुवात विल्यम जोन्सच्या (मृत्यू १७९४) उंच स्तंभापासून करा, तो लगेच सापडतो. एशियाटिक सोसायटी या प्राच्यविद्या संशोधन संस्थेचा संस्थापक. कवी आणि शिक्षक डेरोझिओही इथेच, मृत्यू १८३१, वय अवघं २२! हिंदू स्टुअर्टची (हिंदू चालीरीती आवडणारा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी) देवळासारखी कबर तर चुकवूच नका.