लिनक्सवरचे खेळ : कोणते चालले, कोणते अडले?

परवा जुन्या हार्ड डिस्कमधला पसारा आवरताना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चं फोल्डर सापडलं. डॉसबॉक्स (जुने डॉसचे खेळ आजच्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केलं आणि खेळ पहिल्या फटक्यात सुरू. काट्यांवरून जाताना शिफ्ट दाबून जपून पाऊल टाकायचं, हे डोक्याला आठवायच्या आत बोटांना आठवलं. उडीची वेळ मात्र पार हुकली. राजपुत्राला साठच मिनिटं मिळतात, त्यातली वीस मी पहिल्या दोन लेव्हलमध्येच घालवली.

तेव्हा मंडळी, तुमचेही अनुभव येऊ द्या. जुना खेळ असो वा नवा. कसा चालवला, कुठे अडला ते लिहा. कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला अवतार) भारी हा वाद मात्र इथे नको, त्याला उभा जन्म पडला आहे.

*

डॉसबॉक्सचा विषय निघालाच आहे तर. माझा एक गाड्यांचा खेळ सुरू व्हायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गाडी भिंतीवर. वाटलं, वय झालं आपलं! मग कळलं की काही जुने खेळ वेळ मोजायचेच नाहीत. प्रोसेसर जेवढा पळेल तेवढा खेळ पळणार. कंट्रोल आणि एफ११ दाबत सायकल्स (डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग) उतरवत गेलो तशी गाडी माणसात आली. एफ१२ने त्या वाढतात. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१०. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोनदा मशीन रीस्टार्ट केलं नसतं.

*

मी अनेक वर्षं ड्युअल बूटवाला. कामाला लिनक्स, खेळायला विंडोज. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन अधूनमधून करून बघायचो. १९९३ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, यावरून काम किती किचकट आहे ते समजा. ‘एज ऑफ एम्पायर्स’ कधी चालायचा, कधी काळा पडदा आणि मागे नुसतं संगीत. २०१८च्या ऑगस्टमध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचा प्रोटॉन आला आणि चित्र पालटलं. आत वाइनच आहे, पण जोडीला डीएक्सव्हीके. खेळ विंडोजच्या डायरेक्ट३डीत बोलतो, हा दुभाषा ते व्हल्कनमध्ये सांगतो, ग्राफिक्स कार्ड ऐकतं.

एवढं सगळं सोपं झाल्यावर मी स्वतःच खड्डा खणला. दोन्हीकडून वापरता यावेत म्हणून खेळ विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवले. प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलायचं आणि परत जैसे थे. एरर नाही, काही नाही. दोन संध्याकाळी ड्रायव्हर खालीवर केले. कारण भलतंच होतं. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक लुटुपुटूचा सी ड्राइव्ह उभारतो, त्यात कोलन असलेल्या नावाची लिंक असते आणि विंडोजच्या नियमात ते नाव बसत नाही. खेळ लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर हलवले. त्यानंतर विंडोजमध्ये शेवटचा कधी शिरलो होतो, आठवत नाही.

*

मी प्रोग्रॅमर वगैरे नाही, टर्मिनल दिसलं की पोटात गोळा येतो. पण ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवायच्या खेळासाठी काहीच करावं लागलं नाही, सॉफ्टवेअरच्या यादीतून निवडला आणि झालं. मूळ ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ १९९५चा. त्याच्या फायली नसल्या तरी चालतं, लोकांनी नवी मोफत चित्रं काढून ठेवली आहेत. पंधरा गाड्यांपर्यंत मी स्वतःला रेल्वेमंत्री समजत होते. सोळावी सोडली आणि जंक्शनवर चार गाड्या एकमेकींसमोर नाक लावून उभ्या! सिग्नल जंक्शनच्या आधी लावायचा, नंतर लावला तर त्याच्यापुढे अख्खी गाडी मावेल एवढा रूळ हवा, हे कळायला एक आख्खा रविवार गेला. माझी शेवटची गाडी लांब होती, तिचं शेपूट जंक्शनमध्येच राहायचं. तीन डबे काढले, सगळं सुरळीत.

*

नेटहॅक, नुसत्या अक्षरांनी काढलेला भुयाराचा खेळ. १९८७पासून. ड्रायव्हर नको, कार्ड नको, टर्मिनल पुरे. ‘@’ म्हणजे मी. अजून एकदाही जिंकलो नाही.

*

सगळं गोड गोड चाललंय म्हणून तक्रार नोंदवतो. आमचा चौघांचा ऑनलाइन नेमबाजीचा कंपू होता. एका अपडेटनंतर खेळाने कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) घुसून बसणारं अँटीचीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) आणलं आणि मी बाहेर. गंमत म्हणजे ईझी अँटीचीट, बॅटलआय यांची प्रोटॉनसाठी सोय २०२१पासून आहे, पण ती चालू करायची की नाही हे खेळ बनवणाऱ्याच्या हातात. इथे कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. आता तिघं खेळतात, मी व्हॉइस कॉलवर बसून सल्ले देतो. विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर लोकांचे अनुभव वाचा, एवढंच सांगणं.

*

माझ्याकडे सीड्यांची चळत आहे. त्यातल्या सेफडिस्क कॉपी-संरक्षणवाल्या काही वाइनमध्ये रुसल्या. पण विंडोज १०नेही त्या प्रकाराला दार बंद केलंय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

याउलट ‘डूम’. १९९३चा खेळ, त्याचा सोर्स कोड १९९७मध्ये खुला केला आणि तोही लिनक्सच्या आवृत्तीचा, कारण डॉसमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. सीडीवरची वॅड फाइल काढली, आजच्या इंजिनाला दिली, पाच मिनिटांत पहिलं दार उघडलं. नकाशे, राक्षस, आवाज सगळं त्या एका फायलीत. इंजिन बदलत गेलं, फाइल तीच आहे. (त्या दाराचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून धाकटा भाऊ पळत आला. तो आता चाळिशीत आहे.)

*

धागाकर्ता परत आलोय. ‘प्रिन्स’मध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जीने सेव्ह करता येतं हे मी साफ विसरलो होतो, आता आठवलं. काल रात्री चौथ्या लेव्हलच्या आरशासमोर पोचलो. पळत येऊन त्यातून उडी मारली. पलीकडून माझीच सावली निघून गेली आणि माझ्याकडे एकच जीव उरला. वेळ एकतीस मिनिटं. तिथेच सेव्ह करून झोपलो.