लाईट गेली की लाईट गेले?

पंचवटीकर:
काल पावसाच्या पहिल्याच सरीला लाईट गेली. पुण्याहून आलेली नवी सून म्हणाली, "आई, लाईट गेले." आमची ही म्हणे, "गेले नाही गं, गेली." मेणबत्ती सापडेपर्यंत दोघींचं चाललं होतं. मी म्हणतो, दोन्ही नको. वीज, दिवा, हलका हे शब्द घरात असताना साडीचा रंग लाईट, चहा लाईट, विषय लाईटली, हे कशाला? बिलावर 'वीज पुरवठा देयक' छापतात, आपण भरतो लाईट बिल!

निफाडचा_बागायतदार:
काका, वीज पडते. येते-जाते ती लाईट. मळ्यात वीज आली म्हटलं तर आमची म्हातारी आधी गुरं आत बांधील.
आणि दिव्याचं म्हणाल, तर रात्री दीडला बागेला पाणी द्यायला जातो. खोपीत बल्ब ढणढण पेटलेला आणि मी घरी फोन करतो, "लाईट नाय." घरी बरोब्बर कळतं की थ्री फेज गेली, सिंगल फेजवर बल्ब लागतो, मोटार चालत नाही. स्टार्टरचं हिरवं बटण कितीदा दाबा, हूं नाही की चूं नाही. इथं तुमचा कुठला शब्द बसवू?

निवृत्त_शिक्षिका:
भांडण लिंगाचं आहे हो. 'गेली' म्हणणाऱ्याच्या मनात वीज असते, 'गेले' म्हणणाऱ्याच्या मनात दिवे. दोघी मराठीच बोलल्या.
बाकी इंग्रजीत हे मुळात दोन शब्द, आता दिसतात एकसारखे. उजेडाचा लाईट आपल्या 'रुच्' म्हणजे चकाकणे या धातूचा नातलग, वजनाचा लाईट 'लघु'चा. आपलं 'हलका'ही लघुकवरूनच, अक्षरं उलटीपालटी होऊन आलेलं.

पंचवटीकर:
बाई, मग घरचा हलका सोडून त्याचा चुलतभाऊ का पोसायचा?

मूळची_पुण्याची:
बाबा, मीच ती सून. आईंना एकदा "हलकी साडी आणलीय" म्हणून बघा. हलका माल, हलक्या कानाचा... आपल्याकडे हलक्याला किंमत नाही. लाईट पिंक म्हटलं की कुणाला लागत नाही.

पंचवटीकर:
फिकी म्हण! फिका गुलाबी. त्यात काय लागतंय?

मूळची_पुण्याची:
चहा फिका झाला म्हटलं की कोण रुसतं, ते इथं सांगू का?