पासर रेटिंग पुरेसं नाही

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, तुलना करायला जुनं पासर रेटिंग (त्याच्या पासांवरून काढलेला एक आकडा) पुरेसं आहे, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते अजिबात पटत नाही. एनएफएलने (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने) १९७३ मध्ये ते स्वीकारलं. पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी आणि प्रत्येक प्रयत्नामागे यार्ड, टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणं), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास), बस्स, एवढ्यावरच ते उभं आहे. कमाल आकडा १५८.३, पण प्रत्येक पास नुसता जमिनीवर आपटला तरी ३९.६ पदरात पडतात! त्यात सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नाहीत, पळून काढलेले यार्ड नाहीत. पळण्यातही तरबेज असलेल्या लमार जॅक्सनसारख्या क्वार्टरबॅकवर हा सरळ अन्याय आहे.

खरी मेख परिस्थितीत आहे. समजा थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न) आहे, नवे चार प्रयत्न मिळवायला ८ यार्ड हवेत आणि पास ७ यार्डांचा झाला. रेटिंगला तो चांगला वाटतो, पण बहुतेकदा पुढे पंटच करावा लागतो, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो. याउलट ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स ॲडेड) हा दुसरा आकडा म्हणजे एका चालीने संघाचे अपेक्षित गुण किती वाढले किंवा घटले याचा हिशेब. त्यात हाच पास साधारणपणे तोट्यात जातो. ६ यार्ड हवे असताना तेच ७ मिळाले तर घसघशीत फायदा.

सीपीओई (कम्प्लीशन पर्सेंटेज ओव्हर एक्स्पेक्टेशन) हा तिसरा आकडा मला त्याहून आवडतो. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधल्या चिपमुळे बचावपटू रिसीव्हरपासून (पास झेलणाऱ्यापासून) किती लांब होता तेही कळतं. त्यावरून तो पास पूर्ण होण्याची शक्यता काढतात आणि क्वार्टरबॅकने त्याहून किती जास्त साधलं ते मोजतात. अर्थात रिसीव्हरच्या हातातून चेंडू निसटला, तर खापर अजूनही क्वार्टरबॅकच्याच आकड्यावर फुटतं.